कर्जाच्या कागदावर कॉलेजची सही का नाही?

शैक्षणिक कर्जाची फाइल उघडली की वर मुलाचा अर्ज असतो. त्याखाली बारावीची आणि सीईटीची गुणपत्रिका, कॅप फेरीतले अलॉटमेंट लेटर, कॉलेजने दिलेले फीचे पत्रक, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, वडिलांचे आधार-पॅन, सहा महिन्यांचे खाते-उतारे, सिबिलचा अहवाल. सगळ्यात शेवटी करारपत्र. त्यावर मुलाची सही, सहकर्जदार म्हणून वडिलांची किंवा आईची, जामीनदार असेल तर त्याची, आणि बँकेच्या अधिकाऱ्याची. ज्याच्या खात्यात हे सगळे पैसे जाणार त्या कॉलेजची सही अख्ख्या फाइलमध्ये एकाच जागी, फीच्या पत्रकावर. तीही ‘आमच्याकडे एवढे भरा’ हे सांगण्यापुरती.

माझी उभी नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात झाली. बहुतेक वर्षे सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या शाखांत, शेवटची पुण्यात. दुभत्या म्हशीला कर्ज द्यायचे असेल तर म्हैस बघितल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. कितवे वेत, दोन्ही वेळचे मिळून दूध किती, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, विमा, कानात बिल्ला. म्हैस भाकड निघाली तर हप्ता कशातून येणार, एवढी साधी काळजी त्यामागे होती. सहा-सात लाखांच्या इंजिनिअरिंगच्या कर्जात मात्र असे काही बघितले जात नाही. आयआयटी-आयआयएमसाठी बँकांच्या वेगळ्या याद्या आहेत, तिथे व्याजही थोडे कमी. पण यादीबाहेरच्या दोन कॉलेजांपैकी कुठल्या कॉलेजातून गेल्या वर्षी किती मुले कामाला लागली आणि पहिला पगार किती हातात पडला, हे तपासायची रीत नाही. काही बँकांच्या अर्जात शिक्षणानंतरचे ‘अपेक्षित उत्पन्न’ असा रकाना असतो. तो मुलगा काउंटरला टेकून, शेजारच्याला विचारून भरतो. त्यावर कोणी बोट ठेवत नाही, कारण कर्ज फिटणार ते बापाच्या भरवशावर, हे सगळ्यांनी मनात धरलेले असते.

या कर्जाचा इतिहास फार लांबचा नाही. माझे थोरले भाऊ सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकले तेव्हा वर्षाची फी आमच्या वडिलांच्या एका महिन्याच्या पगारातून भागायची, आणि वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. वसंतदादांना त्यासाठी बोल लावणाऱ्यांत मी नाही. आमच्या भागातली पोरे त्याआधी डोनेशन भरून कर्नाटकात जात होती. ती इथेच शिकली, तालुक्याच्या गावात वसतिगृहे आली, खानावळी आल्या. पण मोठी फी आली १९८३ नंतर, आणि त्या फीसाठी बँकांची सर्वमान्य अशी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली २००१ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत लोकांनी काय केले ते आमच्या भागातल्या कुठल्याही सराफाला विचारावे.

शिक्षणासाठी कर्ज काढण्यात मला काही वावगे वाटत नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला तोही परत करायच्या कर्जाच्या रूपातच द्यायचा असे ठरवून. परत आलेला पैसा पुढच्या मुलाला मिळायचा. माझा आक्षेप आहे तो जोखमीच्या वाटणीवर.

ती वाटणी कशी आहे ते बघा. मूळ योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही. चार ते साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार, आणि त्याच्या वर स्थावर तारण. पुढे केंद्राने पतहमी निधी उभा केला. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज बुडाले तर बँकेच्या नुकसानीपैकी ७५ टक्के तो निधी सोसतो. त्यामुळे तेवढ्या रकमेला बँकेने तारण मागायचे कारण उरले नाही. हे चांगलेच झाले. पण गावाकडे याचा अर्थ ‘सरकारने हमी घेतलीय, म्हणजे पुढचे सरकार बघेल’ असा लावला जातो. निधी पैसे देतो ते बँकेला. मुलाचे कर्ज जिथल्या तिथे राहते, वसुली चालूच राहते, सिबिलवरचा डागही. बँकेला सरकारचे कवच मिळाले आणि कॉलेजला तर दर सत्राच्या सुरुवातीलाच रोख मिळते. उघड्यावर राहिले ते मुलगा आणि त्याचा बाप.

तारणाची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगते, कारण शहरात राहणाऱ्यांना याची कल्पना नसते. सरफेसी कायद्याच्या जोरावर बँक थकबाकीदाराची मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊ शकते, पण शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या बाजूनेच केलेली ती तरतूद. तिचा परिणाम असा की मोठ्या शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून द्यायला गेलात तर बँक नाक मुरडते. तासगावला पाच एकर द्राक्षबाग असलेल्या बापाची पत कोथरूडमध्ये वन बीएचके असलेल्या कारकुनापेक्षा कमी ठरते. मग तो बाप बागेवर सोसायटीचे, नाहीतर सावकाराचे कर्ज काढतो आणि पोराची फी भरतो. असली कर्जे शैक्षणिक कर्जाच्या कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत.

आता हप्त्याचा हिशेब. हा मी काउंटरवर प्रत्येक मुलाला कागदावर मांडून दाखवायचे. समजा चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख, असे सहा लाख उचलले. व्याज १० टक्के. शिकत असताना आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही, सरळव्याज साठत जाते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार वर्षांचे, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. झाले २ लाख १० हजार. हप्ता सुरू होतो त्या दिवशी कर्ज सहा लाखांचे नसते, ८ लाख १० हजारांचे असते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला १०,७०४ रुपये. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता ८,७०४ वर येतो, पण एकूण भरणा पंधरा लाख साठ हजारांच्या पुढे जातो. आईवडिलांनी शिकत असतानाच नुसते व्याज भरले, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला साडेबाराशे, शेवटी पाच हजार, तर हप्ता मूळ सहा लाखांवरच बसतो. शिवाय अशा खात्यांना बऱ्याच बँका व्याजात एक टक्का सूट देतात. ज्यांना जमेल त्यांनी हे जरूर करावे. मुलींना साधारण अर्धा टक्का सवलत असते, तीही मागून घ्यावी.

आता समोरचा पगार बघा. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा पगार गेली दहा-बारा वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. हातात येतात पंचवीस हजारांच्या आगेमागे. फी मात्र या दहा-बारा वर्षांत एका जागी थांबलेली नाही. ज्याला हिंजवडीत असली नोकरी लागली तो त्यातल्या त्यात नशीबवान. मेकॅनिकलची पोरे चाकणला ट्रेनी म्हणून पंधरा-अठरा हजारांवर उभी असतात. माझ्याकडे वाळवा तालुक्यातला असा एक मुलगा होता. खोलीभाडे आणि मेस जाऊन त्याच्याकडे हप्त्याच्या निम्मेही उरत नसत. बाप फोनवर म्हणायचा, “मॅडम, ऊस गेला की भरतो, तवर पोराला नोटीस काढू नका.” ऊस गेला, पहिले बिल आले, तीन हप्ते भरले गेले, पुन्हा थांबले. नव्वद दिवस उलटले की खाते एनपीए. त्यानंतर बाप ठिबकच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेला तेव्हा सिबिलमध्ये पोराचे थकलेले हप्ते त्याच्या नावावर दिसले, कारण तो सहकर्जदार. एका पदवीपायी दोन पिढ्यांची पत गेली. या सगळ्यात त्या मुलाच्या कॉलेजला एक पत्रसुद्धा गेले नाही, कारण कॉलेजचा संबंध चौथ्या वर्षाची फी जमा झाली तेव्हाच संपला होता.

अशा मुलांसाठी योजनेत सोय नाही असे नाही. बँक संघाच्या त्या आदर्श योजनेतच लिहिले आहे की बेकारीचा किंवा तुटपुंज्या पगाराचा काळ आला तर कर्जाच्या मुदतीत दोन-तीन वेळा हप्त्याला स्थगिती देता येते. सुरुवातीला कमी आणि पगार वाढेल तसा वाढत जाणारा हप्ताही बांधून घेता येतो. अर्ज नाकारायचा असेल तर तो शाखाधिकाऱ्याने एकट्याने नाकारायचा नाही, वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्यायची, असेही त्यात आहे. हे काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही. शाखेत माणसे कमी, रांग मोठी, आणि स्थगितीचा कागद केला की वर उत्तरे देत बसावे लागते. तेव्हा मुलांनो, खाते थकायच्या आधी, पगाराच्या स्लिपा घेऊन, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. थकल्यानंतर दिलेल्या अर्जाला फार किंमत उरत नाही.

केंद्राच्या सवलतींबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, मंजुरीच्या वेळी त्या ८६० होत्या. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात तीन टक्के व्याज सरकार भरते, वर्षाला एक लाख मुलांसाठी. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातले पूर्ण व्याज माफ करणारी योजना आधीपासून आहे. विद्यालक्ष्मीतल्या संस्थांची निवड क्रमवारीवरून होते, त्यामुळे तालुक्याच्या गावातले साधे खासगी कॉलेज त्या यादीत सहसा नसते. जिथे नोकरीची खात्री सगळ्यात कमी, तिथल्या मुलाला व्याजाचा आधारही कमी.

राज्य सरकारचा वाटा वेगळाच आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला निम्मी फी मिळते. जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण माफी झाली. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत केले. पण महाडीबीटीवरून कॉलेजला पैसे पोचायला उशीर होतो. मग ‘आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे प्रवेशाच्या खिडकीवर ऐकवले जाते. सरकार परिपत्रके काढते की पात्र मुलांकडून असे पैसे घेऊ नका. खिडकीवर परिपत्रक कोण वाचणार? रांगेत मागे दोनशे माणसे असतात, आणि प्रवेश निश्चित करायची मुदत संध्याकाळी पाचला संपणार असते. एका आईने मला विचारले होते, “सरकारनं माफ केलंय म्हणता, मग मी कर्ज कशाचं काढतेय?” तिने सरकारच्या वाट्याचे साठ हजार बँकेकडून उचलले होते. वर्षभराने परतावा आला तर सहा हजार व्याज गेले. सरकारच्या उशिराचे व्याज त्या बाईने का भरायचे, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मुलींच्या कर्जाचा विषय निघाला की आणखी एक प्रश्न हमखास यायचा, तोही मुलीला बाहेर बसवून. लग्नानंतर हप्ता कोणी भरायचा? योजनेत विवाहितेसाठी नवरा किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात अशी सोय आहे. ती वापरलेली मी क्वचितच पाहिली. उलट स्थळ बघताना कर्ज लपवल्याच्या कहाण्या पुष्कळ ऐकल्या. मुलाचे कर्ज मात्र कोणी लपवत नाही. ते त्याच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र असल्यासारखे सांगितले जाते.

इथपर्यंत निदान बँक आहे, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. खरी भीती वाटते ती नोकरीच्या प्रशिक्षणाच्या नावाने चालणाऱ्या क्लासची. पुण्यात कर्वेनगरपासून वाकडपर्यंत विजेच्या खांबांवर पाट्या आहेत: फुल स्टॅक, डेटा सायन्स, सॅप, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, ‘नो कॉस्ट ईएमआय’. पदवीने नोकरी दिली नाही म्हणून मूल इथे येते, म्हणजे एका कर्जावर दुसरे. आमच्या सोसायटीतली एक मुलगी, बीएस्सी झालेली, अशाच एका क्लासला गेली. समुपदेशक म्हणवणाऱ्या बाईंनी तिचे आधार, पॅन घेतले, सेल्फी काढायला लावली, ओटीपी विचारला, आणि चहा संपायच्या आत १ लाख २० हजारांचे कर्ज एका वित्त कंपनीकडून मंजूर झाले. करार मोबाइलवर, इंग्रजीत, पानेच्या पाने. पैसे थेट क्लासला गेले. दोन महिन्यांनी शिकवणारे सर सोडून गेले, बॅच ‘रेकॉर्डेड’ झाली, मग कार्यालयाला कुलूप. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जात राहिला. शिल्लक नसेल तर वर दंड. वित्त कंपनी म्हणे, आमचा करार तुमच्याशी आहे, क्लासशी तुमचे काय ते तुम्ही बघा.

‘नो कॉस्ट’ म्हणजे काय ते समजून घ्या. वित्त कंपनी बिनव्याजी पैसे देत नाही. ती व्याजाची रक्कम आधीच कापून उरलेले क्लासला देते, आणि क्लासने ती फीमध्ये आधीच वाढवून ठेवलेली असते. रोखीने भरता का विचारले आणि फी एकदम खाली आली, तर तो फरक म्हणजे तुमचे व्याज. ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक कर्जाला मुख्य तथ्य विवरण देणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले आहे. त्यात एकूण खर्चाचा वार्षिक दर एका आकड्यात असतो. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून, दंड न देता बाहेरही पडता येते. आणि वित्त कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तिथे फी नाही, वकील लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या मुलीचा अर्ज मीच लिहून दिला. दंड माघारी आला, मुद्दल तिला फेडावेच लागले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीची खोटी हमी देणारी जाहिरात त्यांनुसार चालत नाही. खांबावरच्या पाट्या अजून तशाच आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने कौशल्य कर्जाची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेली आणि वित्त कंपन्यांनाही त्यात घेतले. मर्यादा पाचपट झाली. क्लास बंद पडला तर काय, याची व्यवस्था पाचपट झाल्याचे ऐकिवात नाही.

मुळात काम शिकायला उमेदवाराने पैसे मोजायचे, ही गोष्टच मला पटत नाही. माझे मामा किर्लोस्करवाडीला शिकाऊ म्हणून लागले तेव्हा त्यांना विद्यावेतन मिळायचे. ज्या कारखान्याला फिटर हवा त्याने फिटर घडवायचा आणि घडताना त्याच्या जेवणाखाण्यापुरते द्यायचे, हीच १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची रीत. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना ठेवला आहे. त्या योजनेतून पुढे कायम किती झाले हा वाद वेगळा, तो घालायलाच हवा. पण पैशाची दिशा तरी बरोबर आहे. मूल लाखभराच्या क्लासच्या दारात उभे असेल तर आधी शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर दोन महिने घालवा, असे मी कुठल्याही आईवडिलांना सांगेन.

परदेशाच्या कर्जांवर फार लिहीत नाही. ती चाळीस-पन्नास लाखांची असतात, त्यामागे फ्लॅट तारण असतो, आणि ती काढणाऱ्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. एवढेच की तिथल्या सरकारच्या एका सहीने सगळे गणित बदलते. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून खर्चापोटी दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ वर नेली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर केला. कर्ज रुपयांत, भरवसा डॉलरच्या पगारावर. कोथरूडचा फ्लॅट वॉशिंग्टनच्या मर्जीवर गहाण ठेवायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्याच अमेरिकेचा एक नियम मात्र उचलण्यासारखा आहे. तिथे विद्यार्थ्यांच्या कर्जाचा डोंगर झाला आहे आणि तो रस्ता आपल्याला नको. पण ज्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे कर्ज बुडवण्याचे प्रमाण सलग तीन वर्षे ३० टक्के किंवा त्याहून जास्त राहते, त्या कॉलेजला सरकारी कर्जाचा दरवाजा बंद होऊ शकतो. म्हणजे मुलगा का फेडू शकला नाही, या प्रश्नाचा थोडा भाग तिथे कॉलेजलाही विचारला जातो. आपल्याकडे तो भाग शून्य आहे.

मला हवे आहे ते असे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी आपल्या राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यासाठी कॉलेजे आपल्या खर्चाचे तपासलेले हिशेब देतात: इमारत, प्राध्यापकांचे पगार, प्रयोगशाळा. त्याच फाइलमध्ये आणखी एक तपासलेले पान जोडावे. मागच्या तीन तुकड्यांतले किती उत्तीर्ण झाले, किती नोकरीला लागले, आणि सगळे पगार ओळीने मांडले तर बरोबर मधला पगार किती. ‘सर्वोच्च पॅकेज’ नको, ते फ्लेक्सवर असतेच. फी मंजूर करताना हे आकडे फीच्या शेजारी छापावेत आणि बँकेने तेच आकडे मंजुरीपत्रावर उतरवून मुलाची सही घ्यावी. शिवाय कर्जातून आलेल्या फीपैकी दहा टक्के रक्कम, मूल फेडायला लागेपर्यंत, कॉलेजच्या नावाने पण बँकेत अडकलेली राहावी. खाते एनपीए झाले तर पहिला घाव त्या दहा टक्क्यांवर बसावा, आणि तेवढे मुद्दल मुलाच्या खात्यातून कमी व्हावे. क्लासवाल्यांना तर दर महिन्याला शिकवले तेवढेच पैसे सोडावेत. कुलूप लागले त्या दिवशी उरलेले कर्ज रद्द.

संस्थाचालक म्हणतील, असे केले तर आम्ही गरिबाघरची मुले घेणारच नाही. घ्यायची की नाही हे त्यांच्या हातात आहेच कुठे? कॅपच्या फेरीत जागा सीईटी कक्ष वाटतो. हातात आहे तो व्यवस्थापन कोटा, आणि तिथे गरिबाची पोरे आजही दिसत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: मंदी आली तर चांगले कॉलेजही पोळेल. पोळेल. पण मंदीत कॉलेजचे दहा टक्के जातात, मुलाची दहा वर्षे.

शुल्क नियामक प्राधिकरणाचा कायदा २०१५ चा आहे आणि दुरुस्ती दोन-तीन कलमांची. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरते. आपल्या आमदारांना एकदा भेटून विचारा की हा विषय मांडणार का. आमच्या भागात तरी त्यांच्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या कॉलेजचे अध्यक्ष किंवा विश्वस्त असतात, त्यामुळे विषय त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.